पुळणीवरची गळकाठी : थोड्या पैशांत कोणती घ्यावी?



आजचा विषय तसा लहानसा आहे. समुद्राच्या पुळणीवर उभे राहून मासे गरवायचे असतील, तर लागणारी काठी आणि रीळ थोड्या पैशांत कसे निवडावे, एवढेच आज सांगायचे आहे. ज्यांच्याजवळ भरपूर पैसा आहे त्यांना या भाषणाची गरज नाही. ते महागातली काठी घेतील, ती मनास आली नाही तर दुसरी घेतील. पण देवबागचा एखादा कॉलेजात जाणारा मुलगा, गुहागरचा शाळामास्तर, वेंगुर्ल्याचा छोटा दुकानदार यांचे तसे नाही. त्यांनी काठीसाठी बाजूला काढलेले पैसे घरखर्चातूनच आलेले असतात. अशा माणसाची काठी पहिल्याच आठवड्यात मोडली, म्हणजे नुसती काठी मोडत नाही. "पुन्हा त्या काठीचं नाव काढू नका" असे घरातून ऐकावे लागते, आणि आठवड्यातून एकदा ताटात पडू शकणारा ताजा मासा कायमचा अंतरतो. म्हणून ही खरेदी विचाराने करावी.

पहिली गोष्ट अशी की, काठी घ्यायला निघण्यापूर्वी आपली पुळण नीट पाहावी. भर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जावे आणि पाणी ओसरल्यावर वाळूचा घाट कसा दिसतो ते ध्यानात ठेवावे. वाळू सगळीकडे सारखी नसते. कुठे उंचवटा असतो, त्याच्या अलीकडे किनाऱ्याला समांतर असा खोलगट पट्टा असतो, आणि अधूनमधून त्या उंचवट्याला खिंड पडलेली असते. लाटा उंचवट्यावर फुटतात, आणि खोलगट भागात पाणी काहीसे शांत व काळसर दिसते. लाटांनी उकरलेले किडे, लहान खेकडे, कोळंबी या खोलगट भागात जमतात आणि त्यांच्यामागे मासे येतात. भरती चढू लागली की मुडदुशी, पालू, शिंगाळा यांसारखे मासे किनाऱ्याच्या बरेच जवळ येऊन चरतात. पुष्कळदा मासा आपल्यापासून वीस-तीस मीटरांवर असतो, आणि आपण मात्र त्याच्या डोक्यावरून शंभर मीटर पलीकडे गरी फेकण्याच्या खटपटीत असतो.

हे अगोदर सांगण्याचे कारण असे की, काठीवरचा निष्कारण खर्च बहुतेक लांब फेकण्याच्या हौसेपायी होतो. दुकानात गेलेला माणूस सर्वांत लांब काठीला हात घालतो. चौदा-पंधरा फुटांची काठी उभी केली की ती दिसतेही दिमाखदार. परंतु जी फेक आपल्या किनाऱ्याला लागतच नाही, तिच्यासाठी पैसे का मोजावेत? किनाऱ्याजवळचा खोलगट पट्टा पन्नास मीटरांच्या आत असेल, तर साठ मीटर फेकणारी साधी काठी पुरे. नदीच्या मुखाशी, म्हणजे भाट्याला काजळी नदीच्या मुखाजवळ किंवा देवबागला कर्लीच्या मुखाशी, पाण्याची ओढ मोठी असते. तिथे लांब फेकीपेक्षा वजन जागेवर टिकण्याला अधिक महत्त्व आहे.

आता काठीकडे वळू. काठीच्या बुडाशी, मुठीच्या वरच्या बाजूला, काही आकडे छापलेले असतात. गिऱ्हाईक बहुधा एकच आकडा वाचते, तो लांबीचा. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा निराळा आहे. तो म्हणजे काठीने किती वजन फेकता येते याचा. तो ग्रॅममध्ये किंवा औंसात दिलेला असतो. 50 ते 100 ग्रॅम, 80 ते 150 ग्रॅम असे दोन आकडे जोडीने असतात. एक औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम. पहिल्या आकड्याहून हलके वजन लावले तर काठी पुरती वाकत नाही आणि फेक निर्जीव होते. दुसऱ्या आकड्याहून जड वजन लावले तर काठी मोडण्याचा संभव असतो. शिवाय स्वस्त काठ्यांवरचा वरचा आकडा जरा फुगवलेला असतो, असे धरून चालावे. 150 ग्रॅम लिहिले असेल, तर शंभरच्या वर जाऊ नये. हा हिशोब ठेवला तर स्वस्त काठीही चांगली टिकते.

आपल्या पुळणींवर, पावसाळा संपून समुद्र निवळल्यानंतर, 60 ते 100 ग्रॅम वजनाने बहुतेक काम भागते. म्हणून हे वजन आरामात पेलणारी काठी मागावी. दुकानदाराला "चांगली काठी दाखवा" असे म्हणू नये. "पाऊणशे ग्रॅम शिसं फेकायचं आहे, किनाऱ्यावरून, त्याला चालेल अशी दाखवा" असे म्हणावे. प्रश्न नेमका असला म्हणजे उत्तर टाळता येत नाही.

लांबी किती असावी? इथे शाळेत शिकलेली तरफ आठवा. काठीचे बूड कमरेशी टेकवलेले आहे आणि दुसऱ्या हाताने रिळाजवळ धरले आहे असे समजा. या दोहोंतील अंतर सुमारे अडीच फूट. काठी सरळ धरली आणि दहा फुटांवरच्या टोकाला मासा एक किलोच्या जोराने ओढू लागला, तर आपल्या पुढच्या हाताला चार किलोचा जोर लावावा लागतो. साडेबारा फुटांची काठी असेल तर पाच किलो, आणि पंधरा फुटांची असेल तर सहा किलो. काठी वाकते म्हणून प्रत्यक्षात हा भार काहीसा कमी होतो, पण प्रमाण तेच राहते. काठीची लांबी पैसे देऊन वाढवता येते, आपल्या हातांची लांबी मात्र तेवढीच राहते. लांब काठीचा फायदा नाही असे नाही. तिचे टोक वेगाने फिरते म्हणून फेक लांब जाते, आणि तंगूस फुटणाऱ्या लाटांच्या वर धरता येतो. दोन्ही बाजू जमेस धरता, मध्यम बांध्याच्या माणसाने दहा ते बारा फुटांच्या दरम्यान राहावे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला नऊ-दहा फूट पुष्कळ झाले.

यापुढे प्रश्न येतो तो काठी कशाची असावी हा. आज बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. एक काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची, आणि दुसरी कार्बनची. काचतंतूच्या काठ्या दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आल्या आणि त्यांनी चिरलेल्या बांबूपासून घडवलेल्या काठ्यांची जागा घेतली. कार्बनचा मजबूत तंतू 1960 नंतरच्या दशकात इंग्लंडात फार्नबरो येथील विमान-संशोधन केंद्रात तयार झाला, आणि 1970 नंतर त्याच्या गळकाठ्या निघू लागल्या. कार्बन हलका आणि ताठ असतो. तेवढ्याच लांबीची काचतंतूची काठी वजनाला जड आणि जरा लवचीक असते. पण कार्बनला ठोकर सोसत नाही. कातळावर आपटला, शिशाच्या गोळीचा टोला बसला, की त्याला बारीक इजा होते. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढे एखाद्या फेकीच्या वेळी काठी तिथेच तुटते. काचतंतू पुष्कळ सोशीक आहे. तो यष्टीच्या टपावर बांधा, होडीत टाका, मुलांच्या हाती द्या, सहसा मोडत नाही. म्हणून पहिली काठी, आणि तीही हात आखडता असताना, काचतंतूचीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्तातल्या काठीवर मोठ्या अक्षरांत 'कार्बन' लिहिलेले असले तरी त्या अक्षरांचे जादा पैसे देऊ नयेत. तीत काचतंतूचेच मिश्रण अधिक असण्याचा संभव असतो.

कार्बनबद्दल एक गोष्ट जिवाच्या भीतीची आहे, म्हणून ती विशेष लक्ष देऊन ऐका. कार्बनमधून वीज वाहते. उभी धरलेली काठी घेऊन विजेच्या तारांखालून जाऊ नये. आभाळात गडगडाट सुरू झाला की काठी तिथेच आडवी ठेवावी, पुळण सोडावी आणि पक्क्या घराचा आसरा घ्यावा. काचतंतूची काठी ओली असली तर तिचाही भरवसा धरू नये. मोकळ्या पुळणीवर उभा माणूस हीच सर्वांत उंच वस्तू असते, हे विसरू नये.

आता सांध्यांचा विचार. काठ्या दोन प्रकारच्या मिळतात. एक, भाग एकात एक सरकून आत जाणारी. तिला दुकानात टेलिस्कोपिक म्हणतात. दुसरी, दोन किंवा तीन तुकडे एकमेकांत बसवायची. सरकती काठी मिटली की तीन-चार फुटांची होते, म्हणून यष्टीतून न्यायला सोयीची, आणि स्वस्तही असते. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. वाळूचा कण सांध्यात शिरला की सांधा घासतो किंवा अडकून बसतो. आणि तिच्या कड्या बहुतेक प्रत्येक भागाच्या टोकालाच बसवाव्या लागतात, त्यामुळे काठीचा बाक नीट पडत नाही. तीन तुकड्यांची बारा फुटी काठी चार-चार फुटांत सुटते, तीही यष्टीत मावते, आणि ती अधिक विश्वासू असते. किंमत थोडी जास्त पडते. ती परवडत असेल तर तीच घ्यावी. परवडत नसेल तर सरकती घ्यायला हरकत नाही, परंतु ती दहा फुटांच्या फार वर नेऊ नये आणि दर खेपेला सांधे गोड्या पाण्याने धुवावेत.

दुकानात काठी हाती आली की पाच गोष्टी तपासाव्यात. याला पैसे पडत नाहीत, फक्त दहा मिनिटे लागतात.

एक, काठी जोडून डोळ्यासमोर आडवी धरावी आणि बुडाकडून टोकाकडे पाहावे. सुतार फळीचा बाक पाहतो तसे. ती सरळ असावी आणि सर्व कड्या एका ओळीत असाव्यात.

दोन, प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. कापसाचा तंतू कुठे अडकला, तर तिथे तडा किंवा खरखरीतपणा आहे असे समजावे. तीच खरखर उद्या तुमचा तंगूस कापणार. कडीच्या आत चिनी मातीसारख्या कठीण द्रव्याचे गुळगुळीत अस्तर असेल तर उत्तम. टोकाची कडी विशेष बारकाईने पाहावी, कारण सगळ्यांत जास्त घर्षण तिथे होते.

तीन, रिळाची बैठक पाहावी. तिथे रीळ प्रत्यक्ष बसवून, आटे आवळून, हलवून पाहावे. खुळखुळ वाजले तर ती काठी परत ठेवावी.

चार, सांधे बसवून काठी हळूच हलवावी. सांध्यातून टकटक आवाज येता कामा नये.

पाच, बरोबरच्या माणसाला टोकाकडचा तिसरा हिस्सा हलक्या हाताने धरायला सांगून काठी थोडी वाकवावी. बाक टोकाकडून सुरू होऊन हळूहळू खाली उतरला पाहिजे. एकाच ठिकाणी कोन पडत असेल तर ती काठी नको. मात्र अगदी शेंडा चिमटीत धरून काठी कमानीसारखी वाकवू नये. अशाने चांगल्या काठीचाही शेंडा मोडतो, आणि मग भरपाईवरून दुकानात वाद होतो.

काठीबरोबर रीळ हवेच. पुळणीसाठी सुरुवातीला ज्याचा दोरा टोकावरून सुटतो, ते रीळ घ्यावे. या रिळाची कल्पना इंग्लंडात आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी 1905 साली पेटंट करून घेतली. त्यांचा धंदा लोकर-कताईचा होता. गिरणीतली बॉबिन स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जाते. या रिळातही तसेच घडते. फेकताना मधले चाक फिरत नाही, त्यामुळे दोऱ्याचा गुंता कमी होतो आणि नवशिक्याला ते लवकर जमते. याच्या अंगावर 3000, 4000, 6000 असे आकडे असतात. ते आकारमान दाखवतात. पुळणीला 5000-6000 च्या आसपासचे रीळ ठीक. आत बेअरिंगे किती आहेत, याची जाहिरात मनावर घेऊ नये. दोन गोष्टी पाहाव्यात. मूठ फिरवताना खरखर लागू नये, आणि ब्रेक, ज्याला ड्रॅग म्हणतात, तो थोडा आवळून दोरा हाताने ओढल्यास दोरा धक्के न देता एकसारखा सुटावा. मोठा मासा पहिली झेप घेतो तेव्हा हा ब्रेकच तुमचा तंगूस वाचवतो.

तंगुसाबद्दल आता थोडे सांगतो, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. रिळावर 0.35 मिलिमीटर जाडीचा नायलॉन तंगूस पुरे होतो. चांगल्या प्रतीचा असेल तर तो सात-आठ किलोचा ताण सोसतो. मग तुम्ही म्हणाल, शंभर ग्रॅमचं शिसं आणि सात किलोचा दोरा, मग काळजी कसली? काळजी आहे. जोराने फेकताना त्या शंभर ग्रॅमचा झटका स्थिर वजनाच्या कितीतरी पट होतो. अशा वेळी तंगूस तुटला तर शिशाचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. तो कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि पुळणीवर मुले खेळत असतात, रापणीवर माणसे असतात. म्हणून मुख्य तंगुसाच्या पुढे जाड तंगुसाचा एक तुकडा बांधतात. त्याला लीडर म्हणतात. त्याचा सोपा हिशोब असा: दर 25 ग्रॅम वजनामागे चार किलो. 75 ग्रॅमला बारा किलो ताण सोसणारा, शंभर ग्रॅमला सोळा किलोचा. लांबी काठीच्या दुपटीहून थोडी अधिक, म्हणजे फेकायच्या तयारीत असताना त्याचे चार-पाच वेढे रिळावर राहतात आणि झटका जाड तुकड्यावरच येतो. या तुकड्याला किंमत फारशी पडत नाही. तो वाचवून दुसऱ्याचा डोळा धोक्यात घालण्याइतकी गरिबी कुणाचीच नसते.

आता पैशांचा मेळ घालू. समजा, हातात तीन हजार रुपये आहेत. भाव गावोगावी आणि हंगामागणिक फिरतात, म्हणून रकमेपेक्षा प्रमाण लक्षात ठेवा. पैकी बाराशे काठीला द्यावेत. हजार रिळाला. तीनशे तंगूस आणि जाड लीडरला. तीनशे गऱ्या, वजने, फिरक्या यांना. आणि दोनशे शिल्लक ठेवावेत, कारण पहिल्या महिन्यात काही तरी हरवते, काही तुटते. म्हणजे पाचातले दोन भाग काठीला, एक तृतीयांश रिळाला, उरलेले बाकी सामानाला. बहुतेक लोक अडीच हजार काठीवर घालवतात आणि मग खेळण्यातल्यासारखे रीळ आणि कुजका तंगूस घेऊन किनाऱ्यावर येतात. काठी, रीळ, तंगूस, गरी ही एका साखळीतली कडी आहेत. साखळी तुटते ती सर्वांत कच्च्या कडीशी.

तीन हजारही नसतील तर? तर काठीशिवाय सुरुवात करावी. लाकडाच्या फळीला किंवा रिकाम्या बाटलीला पन्नास-साठ मीटर तंगूस गुंडाळावा, टोकाला वजन आणि गरी बांधावी, आणि हाताने फेकावे. किनाऱ्यावरच्या कित्येक जुन्या माणसांनी जन्मभर असेच मासे गरवले. मासा लागला म्हणजे बोटाला काय जाणवते, हे या दोरीने जितके कळते तितके काठीने कळत नाही. जेट्टीसाठी किंवा खाडीच्या बांधासाठी बांबूची काठीही पुरते. दक्षिण कोकणात माणगा नावाचा बांबू होतो. तो जवळजवळ भरीव आणि चिवट असतो. त्याची सरळ, जून काठी सावलीत वाळवून घेतली तर जवळच्या पाण्यात चांगली चालते. मात्र तिने शंभर ग्रॅम वजन पुळणीवरून फेकण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन महिने हातदोरीने घालवले की आपल्या किनाऱ्याला कोणती काठी लागेल हे तुम्हांलाच उमजेल.

जुनी काठी मिळत असेल तर अवश्य पाहावी. हौसेने घेतलेली आणि माळ्यावर पडलेली काठी पुष्कळांकडे असते. तिच्यावरून नख हळूहळू फिरवावे. नख कुठे अडले तर तिथे चीर आहे का ते उजेडात पाहावे. कडी सुटली असेल तर ती नवी बसवता येते, पण काठीच्या अंगाला चीर असेल तर फुकट मिळाली तरी ती फेकीसाठी वापरू नये.

वजनांसाठी नेहमी शिसेच हवे असे नाही. गॅरेजात टाकून दिलेले स्पार्क प्लग, जुने नट-बोल्ट यांवरही काम चालते, आणि खडकाळ जागी ते अडकून गेले तरी हळहळ वाटत नाही. शिसे वापरत असाल तर ते दातांनी दाबू नये, हाताळल्यावर हात धुवावेत, आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यात ते वितळवण्याचा उद्योग कधीही करू नये. शिसे विषारी आहे, आणि लहान मुलांना त्याचा अपाय विशेष होतो. काठी टेकवायला विकतचा स्टँडही नको. नळकामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा घ्यावा, एक टोक तिरपे कापावे आणि ते वाळूत खोल रोवावे. रिळाला वाळू लागत नाही, म्हणजे त्याचे आयुष्य वाढते.

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. तंगुसाची ताकद हा सातवी-आठवीच्या मुलांसाठी उत्तम प्रयोग आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तंगुसाला बादली टांगावी, ती जमिनीपासून चार बोटेच उंच ठेवावी, आणि मापाने पाणी ओतत जावे. रिकाम्या बादलीचे वजन धरायला विसरू नये, आणि मुलांनी जरा दूर उभे राहावे. एकदा गाठ नसलेला तुकडा खांबाला बरेच वेढे देऊन तपासावा, आणि एकदा साध्या गाठीचा. गाठीने तंगुसाची ताकद किती घटते ते मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. मग तीच गाठ आवळण्यापूर्वी पाण्याने ओली करून पाहावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तंगूस तापतो आणि कमजोर होतो. तरफ, घर्षण, ताण हे तिन्ही धडे एका गळकाठीत आहेत, आणि किनाऱ्यावरच्या मुलाला ते पुस्तकापेक्षा इथे लवकर पटतात.

किनाऱ्यावर कधी जावे, याचा जुना हिशोब तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तिथीला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे. येईल तो आकडा पूर्ण भरतीचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशोब ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण बेत ठरवायला पुरेसा आहे. भरती चढत असतानाचे तीन तास, आणि त्यात सांज किंवा पहाट येत असेल, तर ती वेळ चांगली. मात्र पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, खडकांवर उभे राहून गरवण्याचे साहस कुणी करू नये. दहा लाटा पायाशी येतात आणि अकरावी माणसाला घेऊन जाते. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात जोडून दूर राहण्याची आपल्या वाडवडिलांची रीत शहाणपणाचीच होती.

पुळणीवर आपण एकटे नसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. रापण ओढली जात असेल तर तिच्या जवळपास गरी टाकू नये. रापणकारांचे पोट त्यावर आहे, आपली हौस थोडा वेळ थांबू शकते. फेकण्यापूर्वी मागे वळून पाहावे. शिंगाळा लागला तर त्याच्या काट्यांना हात लावू नये, ते विषारी असतात. फडक्याने धरून पकडीने गरी काढावी. अगदी लहान मासा हात ओला करून परत पाण्यात सोडावा. आणि तुटलेला तंगूस वाळूत टाकून येऊ नये. नायलॉन लवकर कुजत नाही. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर समुद्रकासवे अंडी घालायला येतात. तंगुसाचा गुंता त्यांच्या, पक्ष्यांच्या आणि अनवाणी चालणाऱ्या मुलांच्या पायांत अडकतो. खिशात घालून घरी आणायला त्याचे वजन ते काय?

घरी आल्यावर काठी आणि रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावे. जोराची धार मारू नये, तिने मीठ आत शिरते. मग फडक्याने पुसून सावलीत वाळवावे आणि रिळाचा ब्रेक सैल करून ठेवावा. काठी कोपऱ्यात तिरपी टेकवून न ठेवता दोन खुंट्यांवर आडवी ठेवावी. महाग काठी न धुता ठेवली तर ती एका हंगामात खराब होते. स्वस्त काठी दर वेळी धुतली, तर ती धाकट्या भावाच्याही उपयोगी पडते.

तेव्हा थोडक्यात सांगायचे ते असे. आधी ओहोटीला पुळण पाहा. मग किती वजन फेकायचे ते ठरवा. त्या वजनाला साजेशी, दहा ते बारा फुटांची, काचतंतूची काठी कापसाचा बोळा फिरवून घ्या. सगळे पैसे काठीवर घालू नका, आणि जाड लीडरावाचून फेकू नका. एवढे पथ्य सांभाळले तर बाराशेची काठीसुद्धा घरच्या मंडळींची मर्जी राखील. आणि संध्याकाळी चार मुडदुशा घेऊन घरी आलात, तर "पुन्हा कधी जाणार?" असे घरातूनच विचारले जाईल.